लस आणि डोळ्याचा दाह : एका शंकेचा विचार

विद्यार्थिमित्रहो, 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली' ही म्हण तुमच्यापैकीं प्रत्येकानें घरीं वडील माणसांच्या तोंडून ऐकिली असेल. कावळ्याच्या वजनानें फांदी मोडत नाहीं हें आपणांस ठाऊक असतें, म्हणून आपण हंसतों आणि पुढें जातों. परंतु फांदी आधींच आंतून किडलेली असली, तर कावळ्याचें वजनहि तिला पुरें होतें, ही गोष्ट म्हणींत सांगितलेली नाहीं. ह्या दोन प्रसंगांतील भेद ओळखावा कसा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. तो आम्हीं पुस्तकांतून निवडला नाहीं. तो शाळेच्या दारांतून आमच्याकडे चालत आला.

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यांत आपल्या राज्यांत गोवर व रुबेला ह्या दोन रोगांविरुद्ध लस टोचण्याची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांमुलींस ही लस द्यावयाची होती आणि शाळाशाळांतून टोचणीचे दिवस नेमले गेले होते. पालकांची सभा भरवून त्यांची समजूत घालण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही पडलों शास्त्राचे शिक्षक. उत्साहाच्या भरांत आम्हीं सांगून टाकिलें कीं, ह्या लसीनें कोणालाहि कांहींएक होत नाहीं.

टोचणी पार पडली. दहाव्या दिवशीं इयत्ता नववींतील एक मुलगा उजवा डोळा हातानें झांकून बांकावर बसलेला दिसला. त्याला उजेड सोसवत नव्हता, डोळा ठणकत होता आणि फळ्यावरचीं अक्षरें धुरकट दिसत होतीं. डोळे आले असतील अशा समजुतीनें घरीं गुलाबपाण्याच्या घड्या ठेवण्यांत दोन दिवस गेले होते. आम्हीं त्याला वडिलांबरोबर नेत्रवैद्याकडे पाठविलें. डोळ्याच्या आंतल्या भागास दाह झाला आहे, असें निदान झालें.

त्याच संध्याकाळीं वडील आमच्या घरीं आले. गृहस्थ गवंडीकाम करणारे, बोलणें मोजकें. ते रागावलेले नव्हते, आणि म्हणूनच त्यांचें बोलणें आम्हांस अधिक लागलें. ते म्हणाले, "सर, तुम्ही सभेंत सांगितलं होतं, कांहीं होत नाहीं म्हणून. तुमच्या शब्दावर मीं सही केली. आतां धाकटी राहिली आहे. तिला टोचूं का नको, तें तुम्हीच सांगा." धाकटी मुलगी सहावींत होती, टोचणीच्या दिवशीं तापानें आजारी असल्यामुळें ती राहून गेली होती. आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. आम्हीं चार दिवसांची मुदत मागून घेतली, मिळेल तें वाचलें, जाणत्या वैद्यांस विचारलें. त्या चार दिवसांत जें समजलें आणि पुढील वर्षांत त्यांत जी भर पडली, तें सर्व येथें मांडीत आहों.

प्रथम रोग कोणता तें पाहूं. डोळ्याच्या काळ्या किंवा घाऱ्या भागास आपण बुबुळ म्हणतों. त्यांतील रंगीत पडद्यास परितारिका हें नांव आहे. तिच्या मागें भिंगास आधार देणारा एक स्नायुमय पट्टा असतो, आणि त्याच्याहि मागें, दृष्टिपटलाच्या पाठीशीं, रक्तवाहिन्यांनीं भरलेला रंजितपटल असतो. हे तिन्ही मिळून डोळ्याचा मधला थर होतो. वरचें पांढरें आवरण काढलें असतां हा थर काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून जुन्या शारीरशास्त्रज्ञांनीं त्याला द्राक्षवाचक लॅटिन शब्दावरून 'युव्हिया' असें नांव दिलें. त्याला सूज आली म्हणजे त्या रोगास युव्हिआयटिस म्हणतात. सूज पुढच्या भागांत असेल तर डोळा लाल होतो, ठणकतो व उजेड टोंचतो. मागच्या भागांत असेल तर डोळा बाहेरून अगदीं स्वच्छ दिसून आंत दृष्टि मंदावत जाते.

डोळे येणें हा निराळा रोग आहे. त्यांत चिपडें येतात, खाज सुटते, पापण्या चिकटतात. पण चिपडें पुसल्यावर बहुधा नीट दिसतें. युव्हिआयटिसमध्यें चिपडें नसतात. दुखणें, उजेडाचा त्रास आणि धूसर दिसणें हीं त्याचीं लक्षणें होत. हा भेद तुम्हीं पाठ करून ठेवावा, कारण ह्या रोगांत दोन दिवसांचा विलंबहि महाग पडूं शकतो. सुजलेली परितारिका मागच्या भिंगास चिकटते आणि बाहुली वेडीवांकडी होऊन बसते. म्हणून वैद्य सूज उतरविणाऱ्या थेंबांबरोबर बाहुली मोठी करणारे थेंबहि घालावयास देतात.

आतां ह्या दाहाचें कारण काय? कारणें पुष्कळ आहेत. आपल्या देशांत क्षयरोग हें एक महत्त्वाचें कारण आहे. कुष्ठरोग, नागिणीचा विषाणु, सांध्यांचे व पाठीच्या कण्याचे कांहीं आजार, डोळ्यास झालेली इजा हींहि कारणें आहेत. पुष्कळ रोग्यांत तर सर्व तपासण्या करूनहि कारण सांपडत नाहीं. अशा वेळीं शरीराची रक्षणशक्तिच भ्रमांत पडून आपल्याच डोळ्यावर उठली असावी, असें वैद्यांचें अनुमान असतें.

रक्षणशक्तीचा हा भ्रम किती भयंकर असतो, ह्याचें उदाहरण तुम्हां सर्वांच्या परिचयाचें आहे. आंधळ्यांसाठीं उठावाच्या ठिपक्यांची लिपि तयार करणारा लुई ब्रेल हा फ्रान्समधील कूव्हरे गांवचा. त्याचे वडील घोड्यांचें जीनसामान बनवीत. तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांत खेळतांना त्याच्या एका डोळ्यांत आरी घुसली. जखम एका डोळ्यास झाली. परंतु पांचव्या वर्षापर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. पहिल्या डोळ्याच्या जखमेमुळें रक्षणशक्तीस आंतल्या रंजितपटलाची ओळख झाली आणि तिनें त्याला परकें समजून निरोगी डोळ्यावरहि हल्ला केला असावा, असें आजचे अनेक नेत्रवैद्य मानतात. एरवीं डोळा हा शरीरांतील एक राखीव प्रदेश असतो. रक्षणशक्तीचे शिपाई तेथें जपून पाऊल टाकतात, कारण तेथें लढाई झाली तर शत्रूबरोबर दृष्टीचाहि नाश होतो.

ह्याच जातीचा दुसरा एक विरळा रोग आहे. स्वित्झर्लंडचे व्होग्ट आणि जपानचे कोयानागी व हारादा ह्या तीन वैद्यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याचें वर्णन केलें, म्हणून त्या तिघांचीं नांवें त्याला मिळालीं आहेत. त्यांत डोकें दुखतें, कानांत गुणगुण होते, दोन्ही डोळ्यांची दृष्टि एकाएकीं मंदावते, आणि पुढें पापण्यांचे केंस पांढरे होऊन अंगावर कोडासारखे डाग उठतात. रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींवरच रक्षणशक्ति उठते, हें त्याचें मर्म. सांवळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग अधिक आढळतो. तिसरा एक प्रकार इ. स. १९८४ मध्यें प्रथम वर्णिला गेला. त्यांत दृष्टिपटलावर पांढरे ठिपके उमटतात, आणि कांहीं आठवड्यांनीं ते बहुधा आपोआप विरून जातात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लसीमुळें असे दाह होतात काय? लस म्हणजे रक्षणशक्तीस दिलेली कवायत. कवायतीच्या गडबडींत एखादा शिपाई चुकून आपल्याच माणसावर बंदूक रोखील, ही कल्पना अशक्य कोटींतील नाहीं. रोगजंतूचा एखादा भाग डोळ्यांतील एखाद्या द्रव्यासारखा दिसत असला तर असें घडूं शकेल, असें शास्त्रज्ञ म्हणतात. जगांतील वैद्यांनीं तशा नोंदीहि केल्या आहेत. कावीळ ब, इन्फ्लुएन्झा, कांजिण्या, गोवर-रुबेला, बीसीजी आणि अलीकडे कोविड अशा बहुतेक सर्व लसींनंतर कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यास दाह झाल्याच्या कथा वैद्यकीय मासिकांत सांपडतात. अमेरिकेंतील दोघा वैद्यांनीं इ. स. १९८४ ते २०१४ ह्या काळांतील अशा नोंदी एकत्र केल्या. त्या २८९ भरल्या. त्यांत कावीळ ब ची लस सर्वांत पुढें होती, आणि टोचल्यापासून दाह दिसेपर्यंतचा मध्यम काळ १६ दिवसांचा होता.

परंतु नोंद म्हणजे पुरावा नव्हे. ह्या २८९ फांद्या मोडल्या त्या वेळीं कावळा बसला होता, एवढेंच नोंद सांगते. एक गणित करून पाहूं. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून युव्हिआयटिसचे नवे रोगी दरसाल लाखीं १७ ते ५२ निघतात असें दिसतें. हिशेबाच्या सोयीसाठीं ५२ हा आंकडा धरूं. वर्षाचे आठवडेहि ५२, म्हणजे दर लाखांत दर आठवड्यास एक रोगी. आतां एक कोटि लोकांस एकाच दिवशीं नुसतें शुद्ध पाणी टोचलें अशी कल्पना करा. पुढील सहा आठवड्यांत त्यांपैकीं सुमारे ६०० जणांस हा दाह होईल, आणि त्यांतील प्रत्येक जण खरेपणानें सांगेल कीं, टोचण्यापूर्वीं माझा डोळा चांगला होता. तो खोटें बोलत नाहीं. त्याचा अनुमान मात्र चुकतो. म्हणून विचारावयाचा प्रश्न हा कीं, टोचलेल्यांत ६०० निघाले कीं ६०० हून अधिक?

हा प्रश्न कोविडच्या काळांत मोठ्या प्रमाणावर विचारतां आला. इस्रायलमध्यें लस घेतलेल्या सुमारे २६ लाख लोकांचे कागद तपासून, पूर्वीच्या काळांत अपेक्षित असलेल्या रोग्यांशीं तुलना करण्यांत आली, आणि ती पाहणी इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झाली. पहिल्या टोचणीनंतर दर लाखामागें सुमारे एक रोगी अपेक्षेपेक्षां अधिक आढळला. म्हणजे संबंध अगदींच नाहीं असें म्हणतां येत नाहीं; पण तो किती बारीक आहे तेंहि दिसतें. ज्यांस हा दाह पूर्वीं होऊन गेला आहे त्यांच्यांत तो लसीनंतर उलटण्याचा संभव अधिक असतो, असेंहि इतर पाहण्यांवरून दिसतें. आरंभीं म्हटलेली किडलेली फांदी ती हीच. म्हणून अशा माणसानें लस टाळण्याऐवजीं आपल्या नेत्रवैद्यास आधीं विचारावें, हा शहाणपणाचा मार्ग होय.

लसीमुळें डोळ्यास निश्चित अपाय होतो, असा एक निर्विवाद प्रकारहि पूर्वीं होता. देवीची लस जिवंत विषाणूची असे. टोचलेला दंड खाजवून तोच हात डोळ्यास लावला, तर पापणीवर व क्वचित् पारपटलावर फोड उठत. तथापि ह्या भीतीनें आपल्या पूर्वजांनीं लस सोडली असती तर काय झालें असतें? हिंदुस्थानांत देवीची लस प्रथम टोचली गेली ती आपल्याच मुंबईंत, १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस. त्या काळीं देवीनें माणसें तर मरतच. जीं वांचत त्यांच्यापैकीं कित्येकांचे डोळे जात. इ. स. १९८० मध्यें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, आणि त्याच्याबरोबर तें अंधत्वहि गेलें.

उलट, घाईनें काढलेल्या अनुमानाचें उदाहरण फ्रान्समध्यें सांपडतें. मज्जातंतूंच्या एका कठिण रोगाची सुरुवात कित्येकदां डोळ्यामागील दृष्टितंतूच्या दाहानें होते. कावीळ ब ची लस घेतल्यावर कांहीं तरुणांत हा रोग दिसला, गवगवा झाला, आणि इ. स. १९९८ च्या ऑक्टोबरांत सरकारनें शाळांतील ती टोचणी थांबविली. इ. स. २००१ मध्यें दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील एक अमेरिकेंतील परिचारिकांच्या समूहांवर झालेली होती. दोहोंतहि लसीचा व त्या रोगाचा संबंध आढळला नाहीं. पुढें इ. स. २०१८ पासून जन्मणाऱ्या बालकांस त्याच देशानें तीच लस सक्तीची केली. मधल्या वर्षांत ज्या मुलांस ती मिळाली नाहीं, त्यांचें नुकसान कोणी भरून द्यावयाचें?

पण म्हणून आईबापांच्या शंकेस हंसावें काय? मुळींच नाहीं. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें नॉर्मन ग्रेग नांवाचे नेत्रवैद्य होते. तान्ह्या मुलांत जन्मतःच मोतीबिंदू असल्याचें त्यांस वारंवार दिसूं लागलें. गरोदरपणाच्या आरंभीं आपणांस रुबेला झाला होता, असें त्या मुलांच्या आया बोलत. ग्रेग ह्यांनीं तें बोलणें कानाआड केलें नाहीं. ७८ मुलांची हकीकत गोळा करून इ. स. १९४१ मध्यें त्यांनीं ती प्रसिद्ध केली. पुष्कळांस ती खरी वाटेना. पुढें मोजमाप झालें आणि ती अक्षरशः खरी ठरली. तेथें कावळ्यानेंच फांदी मोडली होती! मातांच्या त्या बोलण्यांतूनच पुढें रुबेलाविरुद्ध लस शोधण्याची निकड जगास पटली.

ह्या रुबेलाची आणखी एक कथा आहे, आणि आमच्या प्रश्नास तीच सर्वांत जवळची आहे. इ. स. १९०६ मध्यें व्हिएन्नाच्या फुक्स नांवाच्या नेत्रवैद्यांनीं एका विरळ्या दाहाचें वर्णन केलें. त्यांत एका डोळ्याची परितारिका हळूहळू फिकी पडते आणि कालांतरानें त्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो. त्याचें कारण जवळजवळ शंभर वर्षें कोडेंच होतें. पुढें अशा रोग्यांच्या डोळ्यांतील पाण्यांत रुबेलाच्या विषाणूविरुद्ध झालेल्या लढाईच्या खुणा सांपडल्या. अमेरिकेंत इ. स. १९६९ पासून रुबेलाची लस देऊं लागल्यानंतर तेथें जन्मलेल्या पिढ्यांत हा दाह कमी होत गेला, असेंहि दिसून आलें आहे. म्हणजे ज्या लसीविषयीं शंका घेऊन ते वडील आमच्या दारीं आले होते, तीच लस डोळ्याच्या एका विरळ्या दाहापासून मुलांचें रक्षण करीत असावी. शिवाय गोवर हा स्वतःच कुपोषित बालकांच्या डोळ्यांचा मोठा वैरी आहे. अ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मुलास गोवर झाला, तर पारपटलास क्षत पडून डोळा कायमचा जाऊं शकतो.

ठरल्याप्रमाणें चौथ्या दिवशीं आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. प्रथम आम्हीं आमची चूक कबूल केली. कांहींएक होत नाहीं, असें आम्हीं म्हणावयास नको होतें. क्वचित् कांहीं होतें, आणि झालें तर काय करावें, असें म्हणावयास हवें होतें. मुलाच्या डोळ्याचें कारण लस कीं दुसरें कांहीं, हें नेत्रवैद्यासहि ठामपणें सांगतां आलेलें नव्हतें. क्षय व इतर आजारांसाठीं केलेल्या तपासण्यांत कांहीं निघालें नव्हतें. तें आम्हीं जसेंच्या तसें सांगितलें. मग धाकटीविषयीं आमचें मत दिलें : लसीचा धोका असलाच तर अत्यल्प, आणि वेळीं ओळखला तर बहुधा बरा होणारा; गोवराचा धोका मोठा, आणि गेलेली दृष्टि परत न आणणारा. शेवटीं म्हटलें कीं, निर्णय तुमचा. आमच्या शब्दावर नको, समजून घेऊन करा.

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मुलीची आई आंतून म्हणाली, "सर, हें आधीं सांगितलं असतंत, तरी आम्हीं सही केलीच असती." ह्या एका वाक्यानें आम्हांस जें शिकविलें, तें आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमांत नव्हतें. महिन्याभरानें त्यांनीं मुलीस आरोग्यकेंद्रांत नेऊन लस टोचून आणिली. मुलाचे थेंब सहा आठवडे चालले; वैद्याच्या सांगण्याप्रमाणें ते हळूहळू कमी करण्यांत आले आणि त्याची दृष्टि पूर्ववत् झाली.

विद्यार्थिमित्रहो, ह्या हकीकतींतून चार गोष्टी ध्यानांत ठेवा. डोळा दुखून धूसर दिसूं लागला, तर घरगुती उपायांत दिवस घालवूं नका. त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जा, आणि अलीकडे कोणती लस घेतली असल्यास तेंहि त्यांस सांगा. सूज उतरविणारे थेंब वैद्यास न विचारतां दुकानांतून आणून घालूं नका. त्यांच्या दीर्घ वापरानें काचबिंदू व मोतीबिंदू होऊं शकतात. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी कार्यकारणभावानें जोडण्यापूर्वीं मोजून पाहा. टोचलेल्यांत किती आणि न टोचलेल्यांत किती, हा प्रश्न विचारल्यावांचून निकाल देऊं नका. आणि मोजण्यापूर्वीं ऐकून घ्या. एखादी आई म्हणते तें खरें निघेलहि.

कावळ्यास उगीच दोष देणें हा अन्याय आहे. आणि फांदी मोडलीच नाहीं असें सांगणें हें असत्य आहे. झाडाखालीं जाऊन मोडलेली फांदी हातांत घेऊन पाहणें, एवढेंच शास्त्राचें काम. आणि जें दिसेल तें दुसऱ्यास खरें खरें सांगणें, हें शिक्षकाचें. पुढच्या वेळीं पालकांची सभा भरली, तेव्हां आम्हीं तेवढेंच केलें. शंका पूर्वींपेक्षां अधिक विचारल्या गेल्या; आणि सभा संपल्यावर सह्याहि पूर्वींपेक्षां अधिक झाल्या.